स्लॅबची तहान भागवायची कशी?

शहापूर, मुरबाड : भातकापणी आणि झोडणी उरकली, की शहापूर व मुरबाड तालुक्यांत घरबांधणीला वेग येतो. जोते, भिंती असे करत अनेकांचा स्लॅब नेमका एप्रिल-मेमध्ये पडतो. त्याच सुमारास विहिरी तळ गाठतात. मुंबईची तहान भागवणारे तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात असूनही अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी हंडाभर पाणी घरात न्यायचे, की स्लॅबवर ओतायचे, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो.

लडाखसारख्या प्रदेशात काँक्रिटचा शत्रू बर्फ असतो. काँक्रिटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते आणि काँक्रिटला तडे जातात. शहापूर-मुरबाडला ती भीती नाही. येथे धोका आहे तो कडक ऊन आणि कोरड्या वाऱ्याचा.

काँक्रिट वाळून घट्ट होते, हा सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून त्याला बळकटी येते. ओलावा लवकर उडाला, तर ही क्रिया अर्धवट राहते. पृष्ठभाग भुसभुशीत होतो, बारीक भेगा पडतात. पुढे पावसाचे पाणी त्यांतून सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात.

भारतीय मानक 456 (2000) नुसार साध्या सिमेंटचे काँक्रिट किमान 7 दिवस सतत ओले ठेवावे लागते. उष्ण, कोरड्या हवेत ही मुदत किमान 10 दिवसांची आहे. राख मिसळलेल्या सिमेंटसाठीही किमान 10 दिवस सांगितले असून ती मुदत 14 दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. दिवसातून दोनदा पाणी मारले आणि मधल्या वेळेत स्लॅब कोरडा पडला, तर हा हेतू साधत नाही.

पाणी किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे. तेवढ्या स्लॅबवर आळी करून 5 सेंटिमीटर पाणी साठवायचे, तर एका वेळी 1,250 लिटर लागतात. शिवाय उडून जाणारे पाणी रोज भरून काढावे लागते. टंचाईत त्याऐवजी ओली गोणपाटे किंवा भाताचा भिजवलेला पेंढा पसरून वर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि कडा दगडांनी दाबाव्यात. बाष्पीभवन रोखले गेल्याने थोड्या पाण्यात ओलावा टिकतो. कॉलमलाही गोणपाट गुंडाळावे.

काँक्रिट कालवताना मात्र नेमका उलट नियम आहे. पसरवणे सोपे जावे म्हणून जादा पाणी ओतले, की ताकद घटते. 50 किलोच्या गोणीमागे साधारण 25 ते 27 लिटर पाणी पुरेसे असते. वाळू ओली असल्यास त्याहून कमी.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र वेळापत्रकाचा आहे. विहिरीत पाणी असताना, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, स्लॅब टाकला तर उन्हाचा तडाखाही टळतो. उन्हाळ्यातच टाकावा लागला, तर काम सायंकाळी हाती घ्यावे आणि दोन आठवड्यांच्या पाण्याची तजवीज आधी करावी. सिमेंटच्या गोण्या त्यानंतर आणाव्यात.