वृद्ध समाजातील व्यापारी वास्तुनिर्माण : जपानचा अनुभव

एखाद्या देशातील लोकसंख्येचे सरासरी वय वाढू लागले म्हणजे तेथील बांधकाम-व्यवसायाचे भवितव्य काय, या प्रश्नाचे एक उत्तर सहज सुचण्याजोगे आहे. माणसे घटली की ग्राहक घटतात. ग्राहक घटले की दुकाने, कचेऱ्या, हॉटेले व वखारी यांची गरज घटते. आणि गरज घटली की बांधकाम ओसरते. ही विचारसरणी वरवर निर्दोष वाटते. परंतु ज्या देशाने वार्धक्याचा हा टप्पा सर्वांआधी गाठला त्या जपानचा अनुभव तिला पुष्टी देत नाही. तेथे व्यापारी इमारतींची मागणी ओसरण्यापूर्वीच त्या उभारणारे हात ओसरले. असे का झाले, आणि त्यावरून या व्यवसायाच्या भवितव्याविषयी कोणते अनुमान काढता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ‘व्यापारी वास्तुनिर्माण’ या संज्ञेत येथे कचेऱ्या, दुकाने, हॉटेले, वखारी व तत्सम खाजगी इमारतींचा समावेश केला असून राहती घरे वगळली आहेत.

मागणीचे बदललेले स्वरूप

जपानमधील १५ ते ६४ या वयोगटाची संख्या १९९५ च्या सुमारास सुमारे ८ कोटी ७० लाख होती. तो तिचा उच्चांक ठरला. एकूण लोकसंख्येने २००८ मध्ये सुमारे १२ कोटी ८० लाखांचा उच्चांक गाठला व पुढे ती घटू लागली. २०२४ मध्ये ती १२ कोटी ३८ लाखांवर आली असून तीत ६५ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण शेकडा २९ हून अधिक होते. कार्यक्षम वयाची लोकसंख्या याच काळात सुमारे ७ कोटी ३७ लाखांपर्यंत खाली आली.

या घटीचा परिणाम प्रांतिक शहरांच्या बाजारपेठांत स्पष्ट दिसतो. जपानी शहराच्या मध्यभागी असलेले बहुमजली विभागीय भांडार हे त्या शहराच्या प्रतिष्ठेचे चिन्ह मानले जाई. यामागाता व तोकुशिमा या प्रांतांतील अखेरची भांडारे २०२० मध्ये बंद पडली. शिमाने व गिफू या प्रांतांतील २०२४ मध्ये बंद पडली. अशा रीतीने चार प्रांतांत एकही विभागीय भांडार उरले नाही.

तथापि हे चित्राचे एकच अंग आहे. २०१२ मध्ये जपानला भेट देणारे परदेशी प्रवासी सुमारे ८४ लाख होते; २०२४ मध्ये त्यांची संख्या ३ कोटी ६८ लाखांवर गेली. त्यामुळे हॉटेलांची मागणी वाढली. घरबसल्या खरेदी करण्याची प्रथा रूढ झाल्याने महानगरांच्या सीमेवर प्रचंड वखारी उठल्या. चिबा प्रांतातील इन्झाई येथे संगणकीय माहिती साठविणाऱ्या केंद्रांची वसाहतच निर्माण झाली. कुमामोतो येथील अर्धवाहकांचा कारखाना २०२२ मध्ये सुरू होऊन दिवसरात्रीच्या पाळ्यांत सुमारे दोन वर्षांच्या आत उभा राहिला. तोक्योच्या मध्यभागी तर २०२३ मध्ये सव्वातीनशे मीटरांहून उंच असा आझाबुदाई येथील मनोरा खुला झाला. यावरून हे उघड होईल की, वृद्ध समाजात मागणी एकसारखी आटत नाही. ती एका ठिकाणी आटते व दुसऱ्या ठिकाणी साचते. १९९२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ८४ लाख कोटी येनांवर असलेली एकूण बांधकाम-गुंतवणूक २०१० मध्ये जवळजवळ निम्म्यावर आली होती. २०२३ पर्यंत ती पुन्हा ७० लाख कोटी येनांच्या घरात गेली. या वाढीचा मोठा वाटा भाववाढीचा आहे, हे खरे. पण कामाची वानवा आहे असे मात्र कोणीही म्हणू शकणार नाही.

मनुष्यबळाची वयोरचना

वानवा आहे ती माणसांची. १९९७ मध्ये जपानच्या बांधकाम-व्यवसायात ६८ लाख ५० हजार माणसे होती. २०२२ मध्ये ती ४७ लाख ९० हजार उरली; म्हणजे पंचवीस वर्षांत शेकडा तीस घट झाली. उरलेल्यांपैकी ५५ वर्षांवरील शेकडा ३६ होते आणि २९ वर्षांपर्यंतचे शेकडा १२ सुद्धा नव्हते. परांची बांधणारे, साचे ठोकणारे सुतार, सळया बांधणारे, गिलावा करणारे गवंडी अशा प्रत्यक्ष हातकाम करणाऱ्या सुमारे ३० लाख कुशल कामगारांचा वेगळा विचार केला, तर त्यांतील एक चतुर्थांश, म्हणजे साडेसात लाखांहून अधिक, साठीच्या पुढचे होते. यांपैकी बहुतेक येत्या दशकात काम सोडतील.

हे सारे देशाच्या सर्वसाधारण वार्धक्याचेच फळ आहे, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. त्याच वर्षी सर्व उद्योगांतील कामगारांत ५५ वर्षांवरील सुमारे शेकडा ३१ व २९ वर्षांपर्यंतचे शेकडा १६ हून थोडे अधिक होते. म्हणजे ज्या समाजातून हा व्यवसाय आपली माणसे घेतो, त्या समाजापेक्षा तो स्वतः अधिक वृद्ध आहे. हा जो अधिकचा भाग आहे त्याचे कारण जन्मदरात सापडणार नाही. ते व्यवसायाच्या इतिहासात शोधले पाहिजे.

भरती न झालेली पिढी

१९८० नंतरच्या तेजीच्या काळात जपानी बांधकाम-संस्थांना मनुष्यबळाची टंचाई प्रथम जाणवली. तरुण लोक या कामाला ‘कित्सुई, कितानाई, किकेन’, म्हणजे कष्टाचे, घाणीचे व धोक्याचे म्हणून टाळू लागले होते. त्यावर उपाय म्हणून मोठ्या कंत्राटदारांनी यंत्रमानवांचे प्रयोग हाती घेतले. शिमिझू संस्थेने १९८३ मध्ये पोलादी तुळयांवर अग्निरोधक लेप फवारणारे यंत्र तयार केले आणि १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत नागोया येथील एका बँकेची वीस मजली इमारत स्वयंचलित पद्धतीने उभारली. परंतु तेवढ्यात तेजी संपली. जमिनीचे भाव कोसळले, खाजगी इमारतींची कामे थांबली, आणि २००० नंतर सरकारनेही सार्वजनिक कामांवरील खर्च उतरता ठेवला. कामगार पुन्हा स्वस्त झाल्यावर महागडी यंत्रे वापरण्याचे प्रयोजनच उरले नाही व ते प्रयोग बाजूला पडले.

मजुरी किती स्वस्त झाली, याचे गमक सरकारी कामांच्या अंदाजपत्रकासाठी ठरविण्यात येणाऱ्या रोजंदारीच्या दरात मिळते. १९९७ मध्ये हा सरासरी दर १९,१२१ येन होता. २०१२ मध्ये तो १३,०७२ येनांवर उतरला. या घसरणीचा भार कोणी सोसला, हे समजण्यासाठी या व्यवसायाची रचना ध्यानात घ्यावी लागते. जपानमध्ये मोठा कंत्राटदार स्वतः गवंडी वा सुतार नोकरीस ठेवीत नाही. तो काम पोटकंत्राटदारास देतो, तो आणखी खालच्यास देतो, आणि अशा उतरंडीच्या तळाशी चारदोन माणसांची टोळी किंवा एकटाच स्वतंत्र कारागीर असतो. वरच्या पायरीवर दर कापला गेला की तो कापत कापत तळापर्यंत जातो. अनेक टोळीप्रमुखांनी माणसांना आरोग्यविमा व निवृत्तिवेतन यांच्या योजनांतून वगळून खर्च वाचविला. कित्येक कारागिरांना नावापुरते स्वतंत्र धंदेवाईक ठरविण्यात आले.

अशा स्थितीत शाळा सोडलेला मुलगा या धंद्यात येणे अवघडच होते. आणि येथेच प्रश्नाचे मर्म आहे. परांचीवरील किंवा साच्याच्या कामातील कसब पुस्तकातून येत नाही. ते मुरायला साधारणतः दहा वर्षे लागतात व ती वर्षे जाणत्या कारागिराच्या हाताखाली काढावी लागतात. दहापंधरा वर्षे भरती थांबली म्हणजे केवळ तेवढी माणसे कमी होतात असे नाही, तर नवशिक्याला शिकविणारी मधली पिढीच निर्माण होत नाही. २०११ चा भूकंप व २०१३ मध्ये तोक्योला मिळालेला ऑलिम्पिक सामन्यांचा मान यांमुळे काम एकाएकी वाढले, तेव्हा साठीचा कारागीर व विशीचा उमेदवार यांच्यामध्ये जो दुवा हवा होता तो विरळ झालेला आढळला. मंदीत वाचविलेला पैसा हा अशा रीतीने पुढील पिढीकडून काढलेले कर्ज ठरला.

टंचाईचे परिणाम

ही तूट बरीच वर्षे जादा कामाच्या तासांनी भरून काढली जात होती. कामाच्या वेळेसंबंधीच्या २०१८ च्या कायद्याने जादा कामाला महिन्यास ४५ व वर्षास ३६० तासांची मर्यादा घातली. विशेष परिस्थितीतही वर्षास ७२० तासांपलीकडे जाण्यास मनाई केली. बांधकाम-व्यवसायाला मात्र पाच वर्षांची सवलत मिळाली. ती एप्रिल २०२४ मध्ये संपली. तेव्हापासून तेवढ्याच माणसांकडून तेवढेच काम पूर्वीच्या मुदतीत करून घेणे अशक्य झाले आहे.

त्याचे परिणाम व्यापारी इमारतींवर सर्वांत आधी दिसून आले. तोक्योच्या नाकानो विभागात १९७३ मध्ये बांधलेले ‘सनप्लाझा’ हे सभागृह व हॉटेल २०२३ मध्ये बंद करण्यात आले. त्या जागी उत्तुंग मनोरा उभारण्याचे ठरले होते. परंतु अंदाजित खर्च ९ हजार कोटी येनांहून अधिक वाढल्याने २०२४ मध्ये योजना अडली आणि २०२५ मध्ये विकासकाशी केलेला करार सोडून देण्यात आला. गोतांदा येथील ‘टीओसी’ ही १९७० ची घाऊक व्यापाराची इमारत पुनर्बांधणीसाठी मार्च २०२४ मध्ये रिकामी करण्यात आली. पण बांधकाम-खर्चाची परिस्थिती पाहून मालकांनी बेत पुढे ढकलला व त्याच वर्षी ती पुन्हा भाड्याने देण्यास आरंभ केला. या दोन्ही ठिकाणी जागेला ग्राहक नव्हते असे नाही. जे भाडे मिळू शकेल त्यातून बांधणीचा नवा खर्च निघेना, हे खरे कारण होते. साहित्याची भाववाढ त्याला कारणीभूत आहेच. परंतु साहित्याचे भाव उतरू शकतात, निवृत्त झालेला कारागीर परत येत नाही.

उपाय व त्यांच्या मर्यादा

पहिला उपाय मजुरीचा. २०१३ पासून सरकारी रोजंदारीचा दर प्रतिवर्षी वाढविण्यात आला व २०२५ मध्ये तो २४,८५२ येनांवर गेला. २०२४ मध्ये बांधकाम-व्यवसायाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अवाजवी कमी मजुरीवर वा अवाजवी अल्प मुदतीत कामे ठरविण्यास मनाई करण्यात आली. कारागिराचा अनुभव व प्रावीण्य यांची नोंद ठेवणारी देशव्यापी पद्धती २०१९ पासून सुरू आहे. टोळी बदलली तरी त्याच्या कसबाची किंमत टिकावी, हा तिचा हेतू. ‘क्यूर्यो, क्यूका, किबो’, म्हणजे पगार, सुटी व आशा, हे नवे त्रिक आता जुन्याच्या जागी मांडले जाते. दिशा योग्य आहे. परंतु ज्या तरुणांना ती आकर्षित करू पाहते त्यांची संख्याच कमी असून अन्य उद्योगही त्यांच्याच मागे लागलेले आहेत.

दुसरा उपाय यंत्रांचा. आकिता प्रांतातील नारुसे धरणावर काजिमा संस्थेने स्वयंचलित यंत्रांचा ताफा चालवून दाखविला आहे. मात्र मातीकाम व भराव हे एकाच प्रकारचे, उघड्यावरचे काम असते. इमारतीच्या आत नळ, तारा, छत, गिलावा व फरशी यांची कामे अरुंद जागेत, एकमेकांच्या पाठोपाठ, दर मजल्यावर थोडी वेगळी अशी चालतात. यंत्रांची प्रगती तेथे मंद आहे. कारखान्यात तयार केलेले भाग आणून जोडण्याच्या पद्धतीस अधिक वाव आहे. पण तीत इमारतींची विविधता कमी होणार, हे मालकांना मान्य करावे लागेल.

तिसरा उपाय परदेशी कामगारांचा. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस या व्यवसायात त्यांची संख्या सुमारे १ लाख ७८ हजार होती. साठीपुढील साडेसात लाख कारागिरांशी ही संख्या ताडून पाहिली म्हणजे या उपायाचा आवाका कळतो. २०१९ पासूनच्या विशेष कौशल्य-परवान्याखाली २०२४ ते २०२८ या पाच वर्षांसाठी बांधकामाकरिता २०२४ मध्ये ठरविलेली मर्यादाही ८० हजारच होती. शिवाय २०२२ नंतर येनचे मूल्य घसरल्याने जपानमधील कमाईचे आकर्षणही घटले आहे.

चौथा मार्ग जुन्या इमारती पाडण्याऐवजी दुरुस्त करून वापरण्याचा. सांगाडा कायम ठेवल्यास साहित्य व मुदत वाचते. तथापि दुरुस्तीच्या कामात जुने बांधकाम उघडून, पाहून, त्याबरहुकूम नवे बसवावे लागते. म्हणजे कुशल हाताची गरज तेथे कमी न होता वाढते. १९८१ पूर्वीच्या भूकंपविषयक नियमांनुसार बांधलेल्या इमारतींच्या बाबतीत तर हा मार्ग विशेष अवघड आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन अनुमाने निघतात. एक, वृद्ध समाजात व्यापारी वास्तुनिर्माणाची सीमा मागणीपेक्षा मनुष्यबळ ठरवील. म्हणून ज्या योजनांचे उत्पन्न वाढती मजुरी पेलू शकेल त्याच उभ्या राहतील. महानगरांतील कचेऱ्या, हॉटेले, वखारी व माहिती-केंद्रे टिकतील. मध्यम शहरांतील पुनर्बांधणी मागे पडेल. दोन, मुदती लांबतील व इमारतींचे आयुष्य वाढवावे लागेल. तीन, कामगारांचे वार्धक्य हे लोकसंख्येच्या वार्धक्यापासून आपोआप निष्पन्न होत नाही. मंदीच्या काळात भरती व शिक्षण तोडल्याने ते ओढवते, आणि ते एकदा ओढवले की तेजी त्याची भरपाई करू शकत नाही.

या तिसऱ्या अनुमानाचा संबंध भारताशीही पोचतो. जपानच्या विशेष कौशल्य-परवान्याविषयी भारताने जानेवारी २०२१ मध्ये सहकार्याचा करार केला असून बांधकाम हे त्यातील एक क्षेत्र आहे. परंतु महाराष्ट्राचा स्वतःचा जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये १.७ होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ या दराच्या खाली गेलेला होता. मुंबई-पुण्याच्या इमारती मुख्यतः उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून येणाऱ्या मजुरांच्या बळावर उठतात. आणि बिहारचा जननदरही त्याच पाहणीत ३.४ वरून ३.० वर उतरलेला दिसतो. जपानजवळ निदान कारागिराची नोंद ठेवण्याची व्यवस्था व त्याला द्यावयास पैसा आहे. जेथे गवंडी नाक्यावर उभा राहून रोजचे काम मिळवितो आणि त्याचे कसब कोठेही नोंदले जात नाही, तेथे कारागिरांची पिढी केव्हा विरळ झाली हे कळण्यासही उशीर होईल. टंचाई जाणवू लागल्यावर दहा वर्षांचे शिक्षण एका वर्षात देता येत नाही, हा जपानच्या अनुभवाचा सारांश आहे.