टूल लायब्ररी

टूल लायब्ररी किंवा हत्यारसंग्रह म्हणजे सीएनसी यंत्रांसाठी प्रोग्रॅम तयार करणाऱ्या संगणक प्रणालीतील कर्तन हत्यारांची नोंदवही होय. एंड मिल, ड्रिल, टॅप, बोरिंग बार, लेथवरील इन्सर्ट अशा प्रत्येक हत्याराचा आकार, मापे, होल्डर, क्रमांक आणि ते कोणत्या वेगाने चालवावे याची माहिती या संग्रहात साठवलेली असते. प्रोग्रॅम करणारी व्यक्ती संग्रहातून हत्यार निवडते आणि प्रणाली त्या नोंदीच्या आधारे हत्याराचा मार्ग आखते. प्रणालीला यंत्रावरचे हत्यार दिसत नाही. तिच्या लेखी नोंद हेच हत्यार असते. त्यामुळे नोंद आणि वस्तू यांत तफावत पडल्यास पडद्यावर निर्दोष दिसणारा प्रोग्रॅम प्रत्यक्षात जॉब बिघडवतो, हत्यार मोडतो किंवा स्पिंडलला इजा करतो.

मोठ्या कारखान्यांत हत्यारे मोजण्यासाठी वेगळा विभाग आणि प्रीसेटर यंत्र असते. ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदरसारख्या शहरांत मात्र एक-दोन सीएनसी यंत्रांवर चालणारे गाळे मोठ्या प्रमाणात आढळतात आणि तेथे हा संग्रह सांभाळण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाचीच नसते. संग्रहाची उपयुक्तता आणि त्यातील चुकांची किंमत, दोन्ही अशा ठिकाणी अधिक ठळकपणे दिसतात.

नोंदीतील माहिती

हत्याराच्या नोंदीचा गाभा म्हणजे त्याची भूमिती. एंड मिलसाठी व्यास, फ्लूटची संख्या, कापणाऱ्या भागाची लांबी, एकूण लांबी, शँकचा व्यास आणि कोपऱ्याची त्रिज्या नोंदवतात. टॅपसाठी पिच महत्त्वाची असते, कारण फीड तिच्यावरूनच ठरते. एम८ × १.२५ टॅप मिनिटाला ३०० फेऱ्यांनी चालवायचा असेल तर फीड ३०० × १.२५ म्हणजे मिनिटाला ३७५ मिमी येते. त्यात तडजोडीला जागा नसते.

किरकोळ वाटणाऱ्या रकान्यांचा परिणामही मोठा असतो. ड्रिलच्या टोकाचा कोन हे याचे चांगले उदाहरण आहे. सर्वसाधारण हायस्पीड स्टीलच्या ड्रिलचा कोन ११८ अंश, तर कार्बाइड ड्रिलचा बहुधा १४० अंश असतो. १० मिमी व्यासाच्या ड्रिलमध्ये ११८ अंशाच्या टोकाची उंची सुमारे ३ मिमी आणि १४० अंशाच्या टोकाची सुमारे १.८ मिमी भरते. आरपार भोक पाडताना प्रणाली ही उंची खोलीत मिळवते. नोंद ११८ अंशाची असून स्पिंडलमध्ये १४० अंशाचे ड्रिल असेल, तर ते अपेक्षेपेक्षा १.२ मिमी खाली उतरते आणि जॉबखाली ठेवलेल्या पॅरललला लागू शकते. उलट परिस्थितीत भोक पूर्ण उघडतच नाही, तळाशी निमुळती कड शिल्लक राहते.

लेथवरील हत्यारात इन्सर्ट आणि होल्डर यांची नोंद वेगवेगळी करावी लागते. इन्सर्टच्या नामकरणासाठी आयएसओ १८३२ हे मानक आहे. ‘सीएनएमजी १२०४०८’ या नावातील पहिले अक्षर ८० अंशाचा समभुज चौकोनी आकार दाखवते, दुसरे अक्षर शून्य अंशाचा क्लिअरन्स, १२ हा आकडा कडेची लांबी, ०४ जाडी आणि ०८ टोकाची ०.८ मिमी त्रिज्या दर्शवतो. शेवटचे दोन अंक चुकले तर साध्या दंडगोल किंवा सपाट पृष्ठभागावर काहीच जाणवत नाही, कारण हत्याराचा ऑफसेट जॉबला स्पर्श करूनच घेतलेला असतो. दोष उतारावर आणि गोलाईवर उघड होतो. संग्रहात ०.४ मिमी त्रिज्या आणि यंत्रावर ०.८ मिमीचा इन्सर्ट असेल, तर ४५ अंशाच्या उतारावर सुमारे ०.१७ मिमी धातू जास्तीचा राहतो. व्यास बरोबर आणि चॅम्फर चुकीचा अशी तक्रार आली की जाणकार सेटर प्रथम इन्सर्टची डबी पाहतो, ते याच कारणाने.

होल्डर आणि बाहेर राहिलेली लांबी

नवशिके बहुधा हत्यार नोंदवतात आणि होल्डर सोडून देतात. प्रणाली अशी नोंद स्वीकारते. मात्र टक्कर तपासताना तिला हत्याराभोवती हवाच दिसते. ईआर ३२ कॉलेटच्या नटाचा बाह्य व्यास ५० मिमी असतो. म्हणजे १० मिमीच्या एंड मिलच्या दोन्ही बाजूंना नट २० मिमी पुढे येतो. खोल खळगा कापताना एंड मिल भिंतीलगत नीट चालत असतानाच नट वरच्या कडेवर आदळण्याची शक्यता असते. होल्डरची आकृती संग्रहात असेल तर हा प्रकार सिम्युलेशनमध्येच लक्षात येतो.

होल्डरच्या बाहेर हत्याराची किती लांबी ठेवली आहे, हीदेखील नोंदीचा भाग असते. ही लांबी दीडपट झाली की तेवढ्याच बलाने हत्याराच्या टोकाचे वाकणे सुमारे ३.४ पट होते, कारण वाकणे लांबीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. संग्रहात ३० मिमी नोंदवलेले हत्यार ऑपरेटरने ४५ मिमी बाहेर काढून पकडले, तर नोंदीतील फीड आणि कापाची खोली त्याला लागू राहत नाही. हत्यार कंप पावते, भिंत तिरपी उतरते आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

क्रमांक आणि ऑफसेट

संग्रहातील हत्यार क्रमांक हा संगणक आणि यंत्र यांच्यातील करार आहे. मिलिंग सेंटरवर ‘टी०५ एम०६’ या आज्ञेने पाच क्रमांकाचे हत्यार स्पिंडलमध्ये येते, ‘जी४३ एच०५’ ने त्याच्या लांबीची दुरुस्ती लागू होते आणि ‘जी४१ डी०५’ ने त्रिज्येची. हत्यार क्रमांक, एच आणि डी हे तिन्ही आकडे समान ठेवण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. लेथवर ‘टी०५०५’ असे लिहितात. त्यात पहिले दोन अंक टरेटवरील स्थानाचे आणि नंतरचे दोन ऑफसेटचे असतात.

संग्रहातील लांबी सिम्युलेशनसाठी असते आणि ऑफसेटमधील लांबी यंत्रावर मोजलेली असते, हा भेद अनेकदा विसरला जातो. पहिली अंदाजे बरोबर असली तरी चालते. दुसरी चुकली तर पहिल्याच हालचालीत हत्यार जॉबमध्ये घुसू शकते. काही ठिकाणी प्रीसेटरवर मोजलेली लांबी ‘जी१०’ आज्ञेच्या साहाय्याने थेट नियंत्रकात भरतात. यात हाताने आकडे भरण्यातील चूक टळते, पण जुनी फाइल पुन्हा चालवली गेल्यास जुनी मापेही परत येतात.

भुजा असलेल्या स्वयंचलित हत्यार-बदलकात आणखी एक गुंतागुंत असते. तेथे वापरलेले हत्यार मूळ कप्प्यात न जाता नव्या हत्याराने रिकाम्या केलेल्या कप्प्यात जाते. कोणते हत्यार कुठे आहे हे नियंत्रकाच्या तक्त्यात राहते. ऑपरेटरने घाईत मॅगझिनमधील हत्यारे हाताने अदलाबदल केली, तर संग्रह, प्रोग्रॅम आणि ऑफसेट तिन्ही बरोबर असूनही चुकीचे हत्यार जॉबवर उतरते.

वेग आणि फीड

प्रत्येक हत्याराच्या नोंदीसोबत धातूनिहाय कर्तन वेग आणि प्रत्येक फ्लूटमागील फीड साठवता येते. स्पिंडलच्या फेऱ्या १००० × कर्तन वेग ÷ (पाय × व्यास) या सूत्राने निघतात. १० मिमीच्या कार्बाइड एंड मिलसाठी मिनिटाला १२० मीटर वेग धरल्यास सुमारे ३८२० फेऱ्या येतात; चार फ्लूट आणि प्रत्येकी ०.०४ मिमी धरल्यास फीड मिनिटाला सुमारे ६११ मिमी. हेच हत्यार प्रत्यक्षात दोन फ्लूटचे निघाले, तर प्रत्येक फ्लूटवर दुप्पट म्हणजे ०.०८ मिमी चिप येते. नियंत्रक कोणतीही सूचना देत नाही, कारण त्याला फ्लूट मोजता येत नाहीत.

आयएसओ ५१३ या मानकात कापल्या जाणाऱ्या धातूंचे गट केलेले आहेत: पोलादासाठी पी, स्टेनलेस स्टीलसाठी एम, बिडासाठी के, ॲल्युमिनियमसारख्या अलोह धातूंसाठी एन. इन्सर्टच्या डबीवर त्यांचे रंगही असतात. पी निळा, एम पिवळा, के लाल. सौम्य पोलादासाठी भरलेले वेग ३०४ स्टेनलेसवर तसेच वापरले तर धार लवकर झिजते. म्हणून एका हत्याराच्या एकाच नोंदीत प्रत्येक धातूसाठी वेगळी मूल्ये ठेवणे हितावह ठरते. उत्पादकाच्या कॅटलॉगमधील आकडे ही सुरुवात असते. आपले यंत्र, आपली वाइस आणि आपले शीतक यांवर जे चालले ते नोंदवत गेल्यानेच संग्रहाला मोल येते; कॅटलॉग जसाच्या तसा भरलेला संग्रह दिसायला मोठा असला तरी त्याचा उपयोग मर्यादित असतो.

मूळ नोंद आणि प्रत

फ्यूजन, मास्टरकॅम यांसारख्या प्रणालींत संग्रहातून हत्यार घेतल्यावर त्याची प्रत जॉबच्या फाइलमध्ये जाते. नंतर मूळ संग्रहात दुरुस्ती केली तरी जुन्या फाइलमधील प्रत आपोआप बदलत नाही. याचा फायदा असा की यशस्वी झालेला जुना जॉब वर्षभराने तसाच पुन्हा काढता येतो. तोटा असा की दुरुस्त केलेली चूक जुन्या फाइलमधून परत डोके वर काढते. शिवाय फाइलमध्ये बदललेले वेग मूळ संग्रहात मुद्दाम परत लिहिल्याशिवाय तेथे पोहोचत नाहीत. अनुभवातून आलेले आकडे शेकडो फाइलींत विखुरलेले आणि संग्रह मात्र पहिल्या दिवसासारखाच कोरा, ही स्थिती यातूनच उद्भवते.

इतिहास आणि मानके

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली संख्यात्मक नियंत्रणाच्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर तेथे डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एपीटी ही प्रोग्रॅमिंग भाषा विकसित झाली. तिच्यात ‘कटर’ या विधानात व्यास, कोपऱ्याची त्रिज्या, कोन, उंची अशा सात मापांनी हत्याराचे वर्णन करता येत असे. आजच्या नोंदींचा सांगाडा त्या विधानातच दिसतो.

पुढे प्रत्येक हत्यार उत्पादक आणि प्रत्येक प्रणाली मापांना आपापली नावे देऊ लागली. ही भाषा एक करण्यासाठी आयएसओ १३३९९ हे मानक तयार झाले. त्याचा पहिला भाग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यासाला ‘डीसी’, कापाच्या कमाल खोलीला ‘एपीएमएक्स’, टोकाच्या त्रिज्येला ‘आरई’ अशी ठरावीक चिन्हे आहेत. जर्मनीचे डीआयएन ४००० हे मानकही याच कामासाठी वापरले जाते. या मानकांनुसार दिलेली फाइल उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन थेट संग्रहात भरता येते आणि हाताने टंकन करण्याचे श्रम वाचतात.

हत्यारांची माहिती किती मोलाची झाली आहे याची कल्पना एका व्यवहारावरून येते. कर्तन हत्यारांच्या निर्मितीत अग्रगण्य असलेल्या आणि पुण्यातील दापोडी येथे दीर्घकाळ कार्यरत असलेल्या सँडविक या स्वीडिश समूहाने २०२१ मध्ये मास्टरकॅमची निर्माती कंपनी तसेच व्हेरिकट ही सिम्युलेशन प्रणाली बनवणारी सीजीटेक या दोन्ही कंपन्या विकत घेतल्या.

मिरा-भाईंदरमधील लघुउद्योग

मिरा-भाईंदर महानगरपालिका २००२ मध्ये स्थापन झाली. त्याआधी येथे नगरपरिषद होती. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहती आणि महामार्गालगतचा काशिमिरा परिसर येथे स्टेनलेस स्टीलच्या वस्तू, सुटे भाग, डाय आणि साचे यांची कामे करणारे गाळे आहेत. खाडीपलीकडे वसईतही असेच उद्योग आहेत. यांतील पुष्कळ काम जॉबवर्क पद्धतीचे असते: आज पितळेचे बुश, उद्या स्टेनलेसचे फ्लँज, परवा साच्याची पोकळी. एकच जॉब वर्षभर चालवणाऱ्या कारखान्याला हत्यारे एकदा ठरवून चालते. जॉबवर्कमध्ये ती रोज बदलतात.

अशा व्यवसायात प्रोग्रॅम बाहेरच्या प्रोग्रॅमरकडून करून घेण्याचीही पद्धत आहे. तो अनेक गाळ्यांची कामे स्वतःच्या एकाच संग्रहातून करतो. त्याच्या संग्रहातील चार क्रमांकाची १० मिमी एंड मिल एका गाळ्यात चार क्रमांकावर असते, तर दुसऱ्या गाळ्यात त्या कप्प्यात फेस मिल असते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र संग्रह ठेवणे आणि नेहमी लागणारी आठ-दहा हत्यारे कायमस्वरूपी ठरावीक क्रमांकांवर बसवणे. उरलेले कप्पे जॉबनुसार बदलतात. प्रोग्रॅमसोबत हत्यारांची यादी म्हणजेच सेटअप शीट छापून यंत्राजवळ लावली, तर ऑपरेटरला सायकल स्टार्ट दाबण्यापूर्वी प्रत्येक कप्पा पडताळता येतो. ही यादी बहुतेक प्रणाली संग्रहातूनच आपोआप तयार करतात, तरीही ती न छापण्याचाच प्रघात अधिक आहे.

हत्यारे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील बाजारातून किंवा स्थानिक विक्रेत्यांकडून येतात आणि दर वेळी तीच कंपनी मिळेल याची खात्री नसते. व्यास तोच, पण फ्लूटची लांबी ५ मिमी कमी, असे घडू शकते. म्हणून नोंदीच्या नावात ‘एंड मिल १०’ एवढेच न लिहिता व्यास, फ्लूट, कापणारी लांबी आणि शक्य तर कंपनीचा संकेतांक लिहितात.

खर्च वाचवण्यासाठी कार्बाइड एंड मिलला पुन्हा धार लावून घेतात. धार लावल्यावर व्यास घटतो. १० मिमीची एंड मिल ९.८ मिमीची होते. तिच्यासाठी १० मिमीचा मार्ग वापरला तर प्रत्येक भिंतीवर ०.१ मिमी धातू राहतो आणि १० मिमीचा खाचा एका फेरीत कापल्यास ९.८ मिमीचाच निघतो. प्रोग्रॅममध्ये ‘जी४१’ ची दुरुस्ती वापरली असेल तर भिंतीचा फरक यंत्रावरील डी ऑफसेटमध्ये भरून काढता येतो, एका फेरीतील खाच्याचा मात्र नाही. त्यामुळे धार लावलेल्या हत्यारांना वेगळे क्रमांक देऊन त्यांची वेगळी नोंद करतात, मोजलेला व्यास शँकवर मार्करने लिहितात आणि ती रफिंगसाठी राखून ठेवतात. फिनिशिंगला नवी एंड मिल लावतात.