जसा प्रश्न, तशी पद्धत

पनवेलजवळच्या कोन गावात पिण्याच्या पाण्यावर प्रकल्प करायचा झाला, तर लगेच प्रश्नावली छापू नका. आधी नेमके काय शोधायचे ते ठरवा.

‘किती घरांत पाणी उकळतात?’ ही मोजणी झाली. त्यासाठी घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून घरे निवडा. केवळ ओळखीच्यांकडे गेलात, तर उत्तर एकांगी येईल.

‘का उकळत नाहीत?’ याचे उत्तर ‘हो-नाही’च्या चौकटीत मावत नाही. तेथे निवांत मुलाखत घ्या. गॅस परवडत नाही की चव आवडत नाही, हे बोलण्यातूनच कळते.

‘समजावून सांगितल्याने फरक पडला का?’ येथे तुलना हवी. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले आणि तेथील मृत्युदर इतर ४७ गावांशी ताडून पाहिला. त्या ३९ गावांत तो निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तुलनेवाचून हे श्रेय कशाचे, ते सांगता आले नसते.

शेवटी आपले निष्कर्ष गावकऱ्यांपुढे वाचा. ज्यांनी माहिती दिली, त्यांचा तिच्यावर पहिला हक्क आहे. राहिलेल्या चुकाही तेच दाखवतील.