मनगटी घड्याळ : अलंकार की सेवक?

बेज्जूरचे नाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात घेतले जाई. २०१६ पासून ते गाव कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. प्राणहितेच्या खोऱ्यातील या वनप्रदेशात कापसाची वेचणी, भाताची लावणी, आषाढातील चिखल आणि वैशाखातील ऊन यांतून जे मनगट वर्षभर जाते, त्यावर नाजूक घड्याळ फार दिवस टिकत नाही. म्हणून काटे आणि आकडे अशी दोन्ही साधने असलेले, धक्का व पाणी सोसणारे दणकट घड्याळ घेण्याचा विचार अनेक कुटुंबांत होतो. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

या जातीच्या घड्याळाचा उगम एका पुत्राच्या दुःखात आहे. जपानमधील कॅसिओ कंपनीचे अभियंते किकुओ इबे यांचे, वडिलांनी दिलेले घड्याळ खाली पडून फुटले. पडले तरी न फुटणारे घड्याळ करावे, असा त्यांनी ध्यास घेतला. सुमारे दोनशे नमुने करून झाल्यावर, चेंडूच्या आतील मध्यबिंदूला धक्का लागत नाही हे त्यांच्या ध्यानी आले आणि १९८३ साली जी-शॉक हे घड्याळ बाजारात आले. त्याच मालिकेत काटे व आकडे एकत्र असलेले घड्याळ १९८९ साली निघाले.

आता निवड कशी करावी? प्रथम काच पाहावी. ती भोवतालच्या कडेपेक्षा किंचित खोल बसविलेली असावी, म्हणजे आघात कडेवर झेलला जातो. दुसरे, पाण्याचा अंक. पाठीवर ३० मीटर लिहिले असले, तरी तेवढे खोल बुडावे असा त्याचा अर्थ नव्हे; ते केवळ शिंतोडे सोसते. पावसात राबणाऱ्याने व नदीत पोहणाऱ्याने १०० मीटरचा अंक असलेले घ्यावे, आणि तरीही पाण्यात असताना बटणे दाबू नयेत.

तिसरे, वाचनाची सोय. काटे जाड व उठावदार असावेत. फिकट भूमीवर काळे आकडे असले तर ते उन्हातही स्पष्ट दिसतात. काळ्या भूमीवरील फिकट आकडे दुकानात शोभतात, परंतु घरातील वडीलधाऱ्यांना ते वाचता येत नाहीत. काटा आकड्यांवर येऊन त्यांना झाकतो काय, हेही घेण्यापूर्वीच पाहावे. चौथे, सेल. तो बदलताना आतील रबरी कडे नीट बसविले नाही, तर उत्तम घड्याळातही पाणी शिरते. म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. सेल बदलल्यावर काटे व आकडे एकच वेळ सांगतात काय, हे पडताळून मगच घरी यावे.

कोणी म्हणेल, खिशात मोबाईल असताना हा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि ज्याचे काम मोबाईलने भागते त्याने ऋण काढून घड्याळ घेऊ नये. पण मध्यरात्री तान्हे मूल खोकल्याने बेजार झाले आहे, वीज नाही, मोबाईल विझला आहे, अशी घटका कोणत्या घरी येत नाही? मूल शांत असता त्याची छाती पूर्ण एक मिनिट किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील बाळाचे ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक भरले, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते; विलंब न करता दवाखाना गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल दूध घेत नसेल, तर मोजदादीत वेळ न दवडता तत्काळ निघावे. अशा वेळी सेकंद दाखविणारे आणि अंधारात दिवा लागणारे घड्याळ घराचा खरा सेवक ठरते.

म्हणून आमचे मागणे एवढेच की, घड्याळ एकाचा अलंकार म्हणून न घेता साऱ्या घराचे साधन म्हणून घ्यावे. पावती व हमीपत्र जपून ठेवावे, घामाने भिजलेला पट्टा साध्या पाण्याने धुवावा आणि सेकंद मोजण्याची रीत घरातील मातेला व थोरल्या मुलांना शिकवावी. त्रिकाळ प्रार्थनेची व मिस्सेची वेळ ते सांगेलच. परंतु शेजाऱ्याचे मूल आजारी पडल्यास तेच घड्याळ मनगटावरून काढून देता यावे. वेळ प्रभूची देणगी आहे. ती आपल्याच मनगटापुरती नाही.