नक्कल खरोखर वेगळी झाली का?

समजा तुम्ही संगणकावर एक खेळ तयार केला. त्यात नवे प्रयोग करायचे, पण जुना खेळ बिघडू द्यायचा नाही. म्हणून ‘खेळ१’ या फोल्डरची नक्कल करून तुम्ही तिला ‘खेळ२’ नाव दिले. आता जुना खेळ सुरक्षित झाला का?

तसे सांगता येत नाही! गुण लिहिण्याच्या फाईलचा पत्ता आज्ञावलीत ‘डी ड्राइव्ह, खेळ१, गुण’ असा पूर्ण लिहिला असेल, तर नकलेतही तोच पत्ता उतरतो. मग चालतो खेळ२, पण गुण लिहिले जातात खेळ१मध्ये! पुढे जुने फोल्डर पुसले, की नवा खेळही अडतो.

यावर उपाय सोपा आहे. पत्ता ‘याच फोल्डरातील गुण’ असा सापेक्ष लिहावा. मग फोल्डर कोठेही नेले तरी आज्ञावली स्वतःजवळचीच फाईल शोधते.

खात्री कशी करावी? जुन्या फोल्डरचे नाव थोडा वेळ बदला आणि नव्या खेळाचा प्रत्येक भाग चालवून पाहा. कोठे अडला, तर तेथे जुना पत्ता दडलेला आहे असे समजा.

लिनक्सच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ ही प्रणाली रचली. तिच्यात नोंदवलेल्या जुन्या आवृत्त्या जपल्या जातात. पण आज्ञावलीतला चुकीचा पत्ता गिटही सुधारत नाही. तो आपणच शोधायला हवा!