फरशी घालण्याआधी एक पावसाळा

बाबा गेल्यानंतर दोन वर्षांत आमच्या लॉनचं जे व्हायचं तेच झालं. हरळी वाळली, तिच्या जागी लव्हाळा आला आणि पावसाळ्यात गाजर गवत गुडघ्याएवढं वाढलं. इंदुरात आपण वाफ्याला सर्रास क्यारी म्हणतो. आमची क्यारी फाटकापासून पारिजातकापर्यंत १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद. बाबा रोज सकाळी तासभर तिथे खुरपं घेऊन बसायचे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तिला खाली बसता येत नाही. मी नऊला ऑफिसला निघते. माली भैया महिन्यातून दोनदा येऊन गवत वरवर छाटून जायचा, मुळं जागच्या जागीच.

मार्चमध्ये आई म्हणाली, "अगं, सगळीकडे फरशी घालून टाकू. झाडलं की झालं." पुण्याहून भावानेही फोनवर होकार दिला. मी पारिजातकाचं नाव काढलं. घर बांधलं त्या वर्षी बाबांनी तो लावला होता. आई म्हणाली, "बुंध्याभोवती फूटभर जागा सोडू की."

पण झाडाची पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात. ती फांद्यांच्या सावलीभर आणि त्याही पलीकडे, मातीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. त्यावर फरशी आली की पाणीही कमी आणि हवाही कमी. मी आईकडे एका पावसाळ्याची मुदत मागितली. "ठीक आहे," ती म्हणाली, "पण दसऱ्यापर्यंतच."

तण का येतं, हे आधी समजून घेतलं. मोकळी, उजेडातली माती कधी रिकामी राहत नाही. तुम्ही काही लावलं नाही, तर वाऱ्याने आलेलं बी ती जागा घेतं. म्हणून जमिनीलगत पसरणारी, माती झाकून टाकणारी झाडं आपणच लावायची. नर्सरीत त्यांना ग्राउंड कव्हर म्हणतात. एकदा त्यांची पानं एकमेकांना भिडली की खालच्या बियांना उजेड मिळत नाही.

नर्सरीवाल्याने लगेच वेडेलिया दाखवली. पिवळी फुलं, चकचकीत पानं, रस्त्याच्या दुभाजकांवर सगळीकडे दिसते ती. "दो महीने में सब ढँक देगी," तो म्हणाला. ते खरंच होतं, आणि अडचणही तीच होती. मूळची उष्ण अमेरिकेतली ही वेल जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत आहे. कापलेला तुकडा ओल्या मातीत पडला तरी रुजतो. बाबांच्या पारिजातकाखाली मला ती नको होती.

मग एका रविवारी सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता क्यारीचं ऊन पाहिलं. फाटकाकडच्या अर्ध्या भागात दिवसभर ऊन होतं. झाडाखाली विरळ सावली होती. भिंतीलगत जागा सावलीची आणि कोरडी होती. तुम्हीही झाड निवडण्याआधी हे नक्की करा, नाहीतर पैसे वाया जातात.

आमचे माझ्यासकट काही पैसे तरीही वाया गेलेच. उन्हाच्या भागात मी हौसेने चिनी गुलाब लावला. इंदुरात त्याला नौबजिया म्हणतात. जुलैच्या झडीत त्याच्या रसाळ काड्या आठवड्यात कुजल्या. त्याला पाणी झरणारी माती लागते आणि आपली माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. उरलेल्या काड्या कुंडीत हलवल्या, तिथे मात्र छान फुलल्या. त्या जागी जलपिंपळी आणली. ही आपल्याकडची, ओढ्याकाठी, शेताच्या कडेला दिसणारी. पाणी साचलं तरी चालतं, उन्हाळ्यातही तग धरते, आणि तिच्या पांढऱ्या-जांभळ्या बारीक फुलांवर मधमाश्या येतात.

झाडाखाली काय लावायचं, हे आईने ठरवलं. पारिजातकाची फुलं पहाटे गळतात. एरवी खाली पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत, पारिजातक त्याला अपवाद. "उंच काही लावशील तर फुलं आत हरवतील," ती म्हणाली. म्हणून तिथे बुटकी मंडूकपर्णी लावली. बरेच जण हिलाच ब्राह्मी म्हणतात, पण जाड, बारीक पानांची नीरब्राह्मी वेगळी. ओळखीच्या काकूंच्या कुंडीतून तिचे धुमारे मिळाले. तिची चटणी करायची असेल, तर सांडपाण्याच्या नाल्याकाठची रोपं आणू नका. भिंतीलगत स्पायडर प्लांट लावला. त्याच्या जाड मुळांत पाणी साठतं आणि लोंबणारी पिल्लं तोडून लावली की नवी रोपं होतात.

लावण्यापेक्षा आधीची तयारी जास्त महत्त्वाची. आम्ही ती अशी केली:

एप्रिलमध्ये तण मुळासकट उपटलं. लव्हाळ्याच्या मुळांशी असलेल्या गाठी खणून काढल्या. एखादी राहिली तरी तो परत येतो.

उन्हाच्या भागात माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं, कडा मातीत दाबल्या आणि पाच आठवडे तसंच ठेवलं. मे महिन्याच्या उन्हात खालचं बरंचसं बी मरतं. झाडाखाली हे करायचं नाही. तिथे फक्त हाताने निंदणी.

जूनमध्ये दोन इंच घरचं कंपोस्ट पसरलं आणि वरच्या मातीत हलकंच मिसळलं. पुन्हा खोल खणलं तर खालचं बी वर येतं.

दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर ९-९ इंचांवर रोपं लावली, ४८ चौरस फुटांना सुमारे ८५. जलपिंपळीच्या काडीचा निदान एक पेर मातीत दाबायचा. मधल्या जागेत वाळका पाला पसरायचा. ओल्या काळ्या मातीत पाय देऊ नका, ती घट्ट बसते. आम्ही फळी टाकून तिच्यावरून काम केलं.

आता खरं सांगायचं तर, "देखभाल कमी" याचा अर्थ पहिल्या वर्षी कमी असा नाही. पहिले दोन महिने मी दर रविवारी अर्धा तास निंदणी केली. कडेला उभ्या विटा लावल्या, कारण जलपिंपळी वाटेवर यायला टपलेली असते.

दसरा आला तेव्हा क्यारीचा दोन तृतीयांश भाग झाकला होता. फाटकापाशी चिनी गुलाब कुजला होता ती जागा अजून विरळ होती. मी फरशीच्या विषयाची वाट पाहत होते. आई व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती आणि मी फुलं वेचत होते. आधी ती चिखलात पडायची, धुवून घ्यावी लागायची. आता गोल हिरव्या पानांवर स्वच्छ पडली होती. आई ताट हातात घेऊन म्हणाली, "फाटकापाशी अजून थोडं लाव. तिथे उघडं दिसतंय."

पुढच्या मे महिन्यात मंडूकपर्णीची पानं करपली तेव्हा मी घाबरले होते. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी एक दिवसाआड घालत राहिलो. पहिल्या पावसानंतर ती मुळांतून पुन्हा फुटली. आता हा दुसरा पावसाळा. महिन्यातून एकदा कडा कापते, अधूनमधून एखादा लव्हाळा उपटते, बस्स.

तुमच्याही घरी फरशीचा विचार चालू असेल, तर फरशीवाल्याला बोलावण्याआधी एक पावसाळा मातीला द्या. फरशी पुढच्या वर्षीही घालता येते. खालची मुळं एकदा गेली की परत येत नाहीत.