१९९ सामने, १९९ पराभव

समजा, भारतातली सगळी १४० कोटी माणसं कुस्तीच्या आखाड्यात उतरली. जोडी लागली, कुस्ती झाली, हरला तो बाहेर. शेवटचा एकच मल्ल उरेपर्यंत किती फेऱ्या होतील? फक्त ३१. प्रत्येक फेरीत निम्मे लोक कमी होतात, त्यामुळे १४० कोटींचा डोंगर ३१ पायऱ्यांत उतरून होतो. अख्ख्या देशाचा अजिंक्य मल्ल ठरायला त्या माणसाला जास्तीत जास्त ३१ कुस्त्या माराव्या लागतील. आणि हरणारे किती? १३९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९.

या दुसऱ्या आकड्यावर जरा थांबू या. प्रत्येक गावात उत्तम वस्ताद नेमा, प्रत्येकाला दूध-बदाम द्या, सगळ्यांकडून पहाटे चारला जोर काढून घ्या. कुस्तीचा दर्जा कुठल्या कुठे जाईल, पण हरणाऱ्यांच्या आकड्यातला एकसुद्धा कमी होणार नाही. बाद पद्धतीत प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतोच. विजय हा असा माल आहे, जो कितीही मेहनत केली तरी एकूणात वाढवता येत नाही.

आता आखाडा लहान करून आपल्या वऱ्हाडात येऊ. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडे आहेत. समजा, त्यातल्या २०० महाविद्यालयांनी पुरुषांच्या कबड्डी स्पर्धेत संघ उतरवले. एका संघात १२ खेळाडू, म्हणजे २,४०० पोरं. अजिंक्यपद ठरायला सामने लागतील १९९ आणि पराभवही होतील १९९. ढाल एकाच महाविद्यालयाच्या कपाटात जाईल. त्यानंतरच्या निवड चाचणीतून विद्यापीठाच्या संघात १२ जण जातील, त्यांना ‘कलर होल्डर’ म्हणतील. दोनशे पोरांमागे एक. पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पश्चिम विभागात दुसऱ्या राज्यांतली विद्यापीठं समोर येतात आणि चाळणी आणखी बारीक होते.

त्याच २,४०० पोरांची पदवी मात्र वेगळ्या हिशेबानं चालते. एकाला पदवी मिळाली म्हणून दुसऱ्याची जात नाही. २,४०० पैकी २,४०० पास होऊ शकतात, त्यात कुणाला हरवावं लागत नाही. महाविद्यालयाचा क्रीडा विभाग खरोखर वाढवू शकेल असा आकडा हा एवढाच आहे आणि नेमका तोच कुठल्या फलकावर लिहिलेला नसतो.

आपण मोजतो ते चषक. खेळात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठासाठी १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक आहे. त्याचे गुण स्पर्धांतल्या कामगिरीवर ठरतात. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या गेल्या काही वर्षांतल्या तक्त्यांत विद्यार्थ्यांनी खेळात मिळवलेल्या पदकांचा एक रकाना होता आणि विद्यार्थ्यांच्या पुढच्या प्रगतीचा दुसरा. दोन रकाने शेजारी शेजारी, पण त्यांच्यामधून रेघ कुणी ओढली नाही: पदक आणणाऱ्यांपैकी पदवी किती जणांनी घेतली?

तो खेळाडू वेळ किती देतो तेही मोजून पाहू. सकाळी दोन तास, संध्याकाळी अडीच, वर्षाचे ३०० दिवस, तीन वर्षं. गुणाकार येतो ४,०५० तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि वर्गातल्या शिकवण्याचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे १,८०० तास. पदवी वर्गात जेवढं बसायला सांगते त्याच्या बरोबर सव्वादोन पट वेळ हा पोरगा मैदानावर घालवतो. सरावाच्या दर दिवशी पाच किलोमीटर धावला तर तीन वर्षांत ४,५०० किलोमीटर होतात, म्हणजे अमरावती-अकोला हे शंभरेक किलोमीटरचं अंतर ४५ वेळा. याच दोन गावांमधल्या महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून झाली आणि गिनेस बुकात नोंद लागली. आपल्या खेळाडूच्या ४,०५० तासांत तसा विक्रम ३८ वेळा करून होईल. माझ्या मते एवढे तास जिथे जातात, तिथे ते शिक्षण म्हणूनच मोजले पाहिजेत आणि त्या शिक्षणाचा शेवट कुठे झाला हे विचारण्याचा हक्क त्याच्या आई-बापांना आहे.

अडचण कुठे येते ते हिवाळ्यात बघावं. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी. हिवाळी परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचा मोसम एकाच थंडीत येतात. सराव शिबिराचं पत्र लागतं, किट मिळतं, आणि त्याच आठवड्यात हॉल तिकीट निघतं. पोट्टे पिशवीत बूट, नी-कॅप आणि गाइड एकत्र कोंबून गाडीत बसतात. चार दिवसांनी परत येतात तेव्हा क्रीडा विभागाच्या दारात ठरलेलं संभाषण होतं. “मॅच जितली सर.” “आन् पेपर?” “दोन सुटले न सर माये.” सर पाठीवर हात ठेवतात, म्हणतात, उन्हाळीत काढून घे. मॅचचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. सुटलेले दोन पेपर एटीकेटी होऊन सहा महिने त्याच्या मागे फिरतात, पुढच्या सत्राचे पेपर त्यांच्यावर चढतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हा कलर होल्डर विद्यापीठाचा कोट घालून बारावी पासच राहतो. तो आळशी नव्हता. त्याच्या ४,०५० तासांचा हिशेब वर दिलाच आहे.

हा प्रश्न जगात सगळ्यात मोठ्या आकारात पाहायचा तर अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल पाहावं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ प्रेक्षक बसतात. आपल्या नागपूरच्या जामठा क्रिकेट स्टेडियमची क्षमता सुमारे ४५ हजार, म्हणजे तिथल्या एका विद्यापीठाच्या मैदानात जामठा दोनदा भरूनही जागा उरते. तिथल्या एनसीएए या संघटनेखाली सुमारे ७३ हजार विद्यार्थी फुटबॉल खेळतात. त्यातले १६ हजारांच्या आसपास दर वर्षी व्यावसायिक निवडीला पात्र होतात आणि निवडले जातात २६० च्या आत. शेकड्यात दोनही नाहीत. ही चाळणी एवढी निर्दय आहे म्हणूनच त्या लोकांना पदवी मोजणं भाग पडलं.

मोजणी अशी: शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला दर सत्राला दोन गुण. एक अभ्यासात पात्र राहिल्याचा, दुसरा महाविद्यालयात टिकल्याचा. संघाची बेरीज १,००० च्या मापावर काढायची. ९३० च्या खाली गेलात तर मोसमाअखेरच्या स्पर्धेची दारं बंद. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघानं २०११ चं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं आणि अभ्यासाचे गुण कमी पडले म्हणून त्याच विद्यापीठाच्या संघाला २०१३ च्या स्पर्धेबाहेर बसवलं गेलं. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, त्यांनी पुन्हा अजिंक्यपद घेतलं. विजयाच्या फलकावर हा संघ देशात पहिला, पदवीच्या फलकावर बंदी घालण्याजोगा, आणि दोन्ही फलक खरे. आज एनसीएएच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे वरच्या विभागातल्या दहापैकी नऊ खेळाडूंच्या हाती पदवी पडते. ती मोजणी सढळ आहे असं तिथलेच टीकाकार म्हणतात. पण मोजणी आहे, म्हणून वादही आकड्यांवर होतो.

पदवी मोजली की पदवीही पातळ करता येते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी १८ वर्षं नावापुरते वर्ग चालले. तास नाहीत, शिक्षक नाही, फक्त एक निबंध द्यायचा आणि चांगली श्रेणी घ्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालात अशा विद्यार्थ्यांची संख्या ३,१०० हून अधिक निघाली आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या महाराष्ट्रानंही पाहिली आहेत. म्हणून मी पदवीच्या आकड्याला देव मानत नाही. चषकाच्या शेजारी तो लिहिलेला असावा, एवढंच माझं मागणं आहे.

आमच्याकडे मैदानावर उतरणाऱ्या पोराच्या डोळ्यांसमोर मोठी नावं असतात आणि असावीतही. क्रिकेटचंच घ्या: जितेश शर्मा अमरावतीचा, अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे अकोल्याचे. विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक घेतला, तेव्हा इथल्या गल्लीबोळांत फटाके फुटले. पण जागा मोजा. आयपीएलचे १० संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त २५ खेळाडू, म्हणजे २५०, आणि त्यातही परदेशी खेळाडू. प्रो कबड्डीचे १२ संघ, तसेच २५-२५ धरले तर ३००. आपल्या हिशेबातली एका विद्यापीठाची एका खेळातली पोरंच २,४०० होती. बाकीचे जातात कुठे? बहुतेक पोलिस भरतीच्या मैदानावर.

२०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून जास्त. एका जागेमागे शंभराच्या आसपास. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के जागा असतात. त्या या भरतीत सरसकट धरल्या तरी नऊशेच्या आत. शिपायाच्या भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आणि लेखी परीक्षेला १००. तीन वर्षं मैदानावर घाम गाळलेला पोरगा १,६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत धावून पूर्ण २० गुण घेईल, त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट आहे. त्यापुढचा निर्णय मात्र कागदावर होतो. आणि शिपायाच्या वरचं पद, फौजदाराचं, त्याला हवं असेल तर लोकसेवा आयोग आधी पदवी मागतो. पदक कितीही उजळ असलं तरी पदवीच्या जागी ते चालत नाही. बारावीवर थांबलेला कलर होल्डर आणि पदवी घेतलेला कलर होल्डर एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, सारख्याच वेळात धावले तरी त्यांच्यापुढचे दरवाजे वेगळे असतात.

वऱ्हाडाला विजयाशिवायही खेळ मोजता येतो, हे अमरावतीनंच एकदा दाखवलेलं आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्याचं पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं तिथे हुतूतू, मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवले. ती प्रात्यक्षिकं होती. त्यांत कुणी हरणार नव्हतं, जिंकणारही नव्हतं, पदकतालिकेत अमरावती कुठे नाही. तरीही ९० वर्षांनी आम्ही तो प्रवास छाती काढून सांगतो. या मंडळाची खरी बेरीज मला वाटते ती इथून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या सरांची आणि मॅडमांची. विदर्भातल्या कितीतरी शाळांच्या मैदानावर सकाळी शिट्टी वाजवणारा माणूस इथे शिकलेला असतो.

आणि पदवीच्या आकड्याची माहिती गोळा करायला नवं काही लागत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा पात्रता अर्ज भरून घेतला जातो. त्यात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, बारावी पास झाल्याचं वर्ष, सध्याचा वर्ग, नोंदणी क्रमांक असं सगळं असतं. महाविद्यालयाचा शिक्का, प्राचार्यांची सही, कोपऱ्यात पासपोर्ट फोटो. त्या नोंदणी क्रमांकावर त्याचा प्रत्येक निकाल परीक्षा विभागाच्या संगणकात पडलेला आहे. दोन कागद, एकच क्रमांक, एकाच विद्यापीठाची इमारत. समजा ३० खेळ, प्रत्येक खेळात दहा जण आणि ४० वर्षं धरली, तर १२ हजार जागांचा हिशेब होतो. एखाद्या हुशार लिपिकाला काही आठवड्यांचं काम आहे. स्पर्धा संपली की ते अर्ज फायलीत लागतात, फाईल कपाटात जाते. कपाटाच्या वरच्या, काचेच्या कप्प्यात ढाली असतात. खालच्या लोखंडी कप्प्यात ती पोरं असतात, कोट घालून काढलेल्या फोटोंसकट.